मिस मार्पलचा कान

इंग्लंडातल्या चिपिंग क्लेगहॉर्न नावाच्या एका कल्पित खेड्यात शुक्रवारी सकाळी वर्तमानपत्रे टाकणारा पोऱ्या सायकलवरून घरोघर फिरून जातो. इतर दिवशी प्रत्येक घरी ज्याचे त्याचे पत्र पडते. शुक्रवारी मात्र सगळ्या घरांतून गावचे गॅझेट येते आणि ते घेऊन प्रत्येक जण आधी छोट्या जाहिरातींचे पान उघडतो. कोणाची मोटार विकायची आहे, कोणाला स्वयंपाकीण हवी आहे, कोणाच्या कुत्रीला पिले झाली आहेत, हे कळल्याखेरीज त्या लोकांना चहा गोड लागत नाही. त्या दिवशी त्याच पानावर एक निराळीच जाहिरात असते. आज संध्याकाळी साडेसहा वाजता अमुक घरी खून व्हायचा आहे आणि स्नेहीजनांनी हेच आमंत्रण समजावे, अशा अर्थाची.

संध्याकाळी सगळे गाव त्या घरी हजर होते. गंमत अशी की जाहिरात वाचून आलो असे कोणी कबूल करीत नाही. जो तो सहज वाटेवरून जात होतो म्हणून डोकावलो असे म्हणतो, हवेच्या गोष्टी काढतो आणि घर गरम ठेवण्याची व्यवस्था आज सुरू केलेली दिसते, असे बोलून घटका काढतो. साडेसहाचे ठोके पडतात, दिवे जातात, दार उघडते, विजेरीचा झोत डोळ्यांवर येतो, हात वर करा असा दरडावणारा आवाज येतो आणि गोळ्या सुटतात. दिवे पुन्हा लागतात तेव्हा यजमानीण बाईंच्या कानाच्या पाळीतून रक्त वाहत असते आणि दारात एक परका तरुण मरून पडलेला असतो.

ही ॲगाथा ख्रिस्तीची 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'. १९५० साली प्रसिद्ध झाली आणि तिचे पन्नासावे पुस्तक म्हणून प्रकाशकांनी तिचा मोठा गाजावाजा केला. या जातीच्या कादंबऱ्यांना पुढे इंग्रजी वाचकांत 'कोझी' असे नाव पडले. कोझी म्हणजे उबदार, सुखाचे. आपल्याकडच्या जुन्या घरांतून चहाच्या किटलीवर घालायचे कापसाचे टोपडे असे, त्यालाही टी-कोझीच म्हणत. खून होतो, पण किटली निवत नाही, असा हा प्रकार आहे. रक्ताचे पाट नाहीत, मारामारी नाही, अश्लील काही नाही. एक लहान गाव, ओळखीची आठ-दहा माणसे, त्यांतला एक खुनी, आणि त्याला हुडकून काढणारी कोणी पोलिसातली नव्हे अशी व्यक्ती. या कादंबरीत ती व्यक्ती म्हणजे पाद्र्याच्या घरी पाहुणी आलेली, संधिवाताने त्रासलेली, मांडीवर लोकरीचे गुंडे घेऊन बसलेली मिस जेन मार्पल.

बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांवर पोसलेल्या आपल्या वाचकांस शोध लावणारा नायक म्हटला की झुंजार, नाही तर काळापहाड आठवणार. दोघेही धाडसाचे आणि पुरुषार्थाचे पुतळे. एक म्हातारी बाई खुर्चीतून न उठता खुनी पकडते, ही कल्पना मराठी रहस्यकथेत निदान माझ्या वाचनात आलेली नाही. इंग्रजीतही ती ख्रिस्तीने प्रथम काढली असे नव्हे. अमेरिकेतल्या ॲना कॅथरीन ग्रीन या लेखिकेने १८९७ साली अमेलिया बटरवर्थ नावाची अशी एक चौकस प्रौढ कुमारिका आणली होती. मिस मार्पल अवतरली ती १९२७ च्या डिसेंबरात, एका मासिकातल्या छोट्या कथेतून. तिची पहिली कादंबरी 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' १९३० ची. एकूण बारा कादंबऱ्या आणि वीस कथा. शेवटची छापली गेली ती १९७६ साली, लेखिका त्याच वर्षीच्या जानेवारीत वारल्यानंतर, जरी तिने ती कित्येक वर्षे आधीच लिहून ठेवली होती.

ही बाई सुचली कशी, याची हकीकत ख्रिस्तीने स्वतः सांगितली आहे. तिच्या एका गाजलेल्या कादंबरीत डॉक्टरांची एक अविवाहित बहीण होती. घराबाहेर न पडता गावातली बित्तंबातमी ठेवणारी. त्या कादंबरीचे १९२८ साली नाटक झाले तेव्हा नाटकवाल्यांनी या बाईला काढून तिच्या जागी एक देखणी तरुणी आणली. लेखिकेला ते फार लागले. रंगभूमीवर प्रौढ बाई कोणास नको असते, हे तिला तेव्हा उमगले असावे आणि त्या रागातूनच मिस मार्पल जन्मली असावी, असा तिचा स्वतःचाच कयास होता. त्यात तिची आजी मिसळली. ही आजी स्वभावाने आनंदी, पण प्रत्येकाविषयी वाईटात वाईट तेच गृहीत धरणारी, आणि बहुधा तिचेच खरे ठरे.

आता मी गायनमास्तर. रहस्यकथांच्या वाटेला मी का जावे, असे कोणी विचारील. त्याचे अर्धे उत्तर असे की ही लेखिका संगीतातून सुटून आलेली होती. तरुणपणी ती पॅरिसला पियानो आणि गळ्याचे शिक्षण घेत होती. पियानो वाजवणे हाच व्यवसाय करावा असे तिच्या मनात होते. पण चार लोकांपुढे बसले की हात थरथरत, आणि गळा ऑपेराला पुरेसा भरदार नाही असे ठरले, म्हणून ते स्वप्न संपले. ज्यांना ऐकता उत्तम येते पण सभेत बसून गाता येत नाही, अशी माणसे आम्हा शिकवणाऱ्यांना नित्य भेटतात. त्यांचा कान कोठे जातो, हा प्रश्न मला नेहमी पडतो. या बाईचा कान मिस मार्पलकडे गेला, असे माझे मत आहे.

ते कसे, ते जरा बैजवार सांगतो.

भूप आणि देशकार या दोन रागांत सूर तेच पाच. सा, रे, ग, प, ध. नव्या विद्यार्थ्याला सूर मोजायला सांगितले तर तो दोन्ही वेळा तेच उत्तर देईल, आणि ते बरोबरच असेल. पण भूप गंधारावर विसावतो आणि संध्याकाळचा असतो. देशकार धैवताला धरून वरच्या अंगाने चालतो आणि सकाळचा असतो. मारवा, पूरिया, सोहनी या तिघांचेही तसेच. सामान सारखे, माणसे निराळी. जाणता ऐकणारा सूर मोजीत बसत नाही. तो चाल ऐकतो, थांबण्याच्या जागा ऐकतो, आणि याला पूर्वी कोठे भेटलो आहोत ते आठवतो.

पोलीस सूर मोजतात. या कादंबरीतला इन्स्पेक्टर क्रॅडॉक हुशार आहे, सज्जन आहे, आणि कोण कोठे उभे होते, दार कोणते उघडले, बिजागरीला तेल कोणी घातले हे सगळे तो काळजीने टिपून घेतो. मिस मार्पलला तेवढे पुरत नाही. तिचे सगळे आयुष्य सेंट मेरी मीड नावाच्या एका खेड्यात गेले. जगातली प्रत्येक नवी व्यक्ती तिला तिथल्या कोणाची तरी आठवण करून देते. मेलेल्या परक्या तरुणाविषयी बोलताना तिला माशांच्या दुकानातला एक पोऱ्या आठवतो. तो बिलात शिलिंगांच्या रकान्यात एक आकडा हळूच जादा घाली. बहुतेक गिऱ्हाइके बेरीज तपासत नाहीत हे त्याला माहीत होते. ऐकणाऱ्या साहेब लोकांना वाटते, म्हातारी भरकटली. माशांच्या बिलाचा आणि खुनाचा काय संबंध? पण तिने राग ओळखलेला असतो. लहान लबाडी करणारा हा मुलगा मोठी, धाडसाची लबाडी आपण होऊन रचणार नाही. तेव्हा त्याला कोणी तरी पुढे केले आहे, एवढे ती त्या पोऱ्यावरून ठरवते.

यास कोणी गप्पिष्टपणा म्हणतात. मी रियाझ म्हणतो. चाळीस-पन्नास वर्षे एकाच गावातली माणसे ऐकत बसणे आणि कोणाचे बोलणे नेमके कोठे अडखळते ते लक्षात ठेवणे, ही तालीम सोपी नव्हे. फरक एवढाच की ती स्वयंपाकघरात आणि ओट्यावर होते, म्हणून तिला कोणी तालीम म्हणत नाही.

तिच्या विणकामाविषयी थोडे. पुष्कळ वाचक त्याला नुसती वेशभूषा समजतात. मी लहानपणी वडिलांच्या मागे तंबोऱ्यावर बसत असे. तंबोऱ्यावर बसणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. त्याच्या देखत बैठकीचे यजमान बिदागीची घासाघीस करतात, तबलजी गवयाविषयी आणि गवई तबलजीविषयी जे बोलायचे ते बोलतात. हात चालू असले आणि तोंड बंद असले की माणूस तिथे असून नसल्यासारखा होतो. सुया चालवणाऱ्या मिस मार्पलपुढे लोक असेच मोकळे बोलतात. ख्रिस्तीने तिच्या हाती तंबोरा दिला आहे, एवढेच.

माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात नोकरीस होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते पंचविशीचे होते, आणि मी त्यांच्या उतारवयातला. माझी आत्या, त्यांची धाकटी बहीण, तरुणपणीच वैधव्य येऊन माहेरी परतली ती अखेरपर्यंत आमच्याच घरी राहिली. अण्णांची तालीम माजघराच्या भिंतीपलीकडून तिने जन्मभर ऐकली. गायला मात्र तिला कोणी बसवले नाही. त्या काळी आमच्यासारख्या घरांतून ते शक्यही नव्हते. मध्यवर्ती ग्रंथालयातून मी पुस्तके आणी आणि शिकवण्या आटोपल्या म्हणजे रात्री तिला वाचून दाखवी. इंग्रजी पुस्तक असले की वाचता वाचताच मराठी करीत जायचे. ही कादंबरी आम्ही अशीच वाचली. तिला जाऊन आता वीस वर्षे झाली.

या पुस्तकात एक जागा अशी आहे की तिथे तोंडी भाषांतर करणारा अडून बसतो. कोंबड्या पाळून राहणाऱ्या दोन मैत्रिणी त्या संध्याकाळचा प्रसंग पुन्हा आठवून पाहतात. त्यांतली एक जरा विसरभोळी, गोंधळणारी. पण दिवे गेले तेव्हा विजेरीचा झोत तिच्या डोळ्यांवर नव्हता, म्हणून इतरांना जे दिसले नाही ते तिला दिसले होते. एकदम काही तरी ध्यानात येऊन ती इंग्रजीतले अवघ्या तीन शब्दांचे एक वाक्य बोलते. पुढे मिस मार्पल एकच प्रश्न विचारते: ते वाक्य ती नेमके कसे म्हणाली? जोर पहिल्या शब्दावर होता, दुसऱ्यावर की तिसऱ्यावर? तीन जोर, तीन अर्थ, तीन निरनिराळे संशयित.

आता हे मराठीत कसे करायचे? इंग्रजीत जोर आवाजात असतो आणि कागदावर तो लपवता येतो. आपल्याकडे त्यासाठी 'च' नावाचे एक इवलेसे अक्षर आहे आणि ते लपत नाही. काका काल आले नाहीत, एवढेच वाक्य घ्या. काकाच काल आले नाहीत म्हटले की बाकी सगळे आले. काका कालच आले नाहीत म्हटले की एरवी ते रोज येतात. काका काल आलेच नाहीत म्हटले की कोणी तरी ते आले होते असे सांगत आहे आणि ते खोटे आहे. 'च' लावावा तर गुपित फुटते. न लावावा तर त्या बाईच्या अंगावर आलेला शहारा वाक्यातून निघून जातो. मी थांबलो आणि अडचण आत्याला सांगितली. ती म्हणाली, "अरे, मग तिन्ही तऱ्हांनी म्हण की." मी म्हटले. तिने डोळे मिटून ऐकले, पुन्हा एकदा म्हणायला लावले आणि म्हणाली, "एकाच मुखड्याची सम तीन ठिकाणी धरल्यासारखे आहे रे हे." मग तिने त्यांतली एक तऱ्हा निवडली. कोणती, ते येथे सांगणे वाचकांवर अन्याय होईल. दुसऱ्या दिवशी रात्री शेवटचे प्रकरण वाचताना मात्र तिने मला एकदाही थांबवले नाही.

या कादंबरीत खुनापेक्षाही मला जास्त बोचते ती दुसरीच गोष्ट. एका ठिकाणी मिस मार्पल इन्स्पेक्टरला सांगते की युद्धाआधी गावात कोण कोण आहे हे प्रत्येकाला ठाऊक असे. मोठ्या घरात अमुक, त्याच्या शेजारी तमुक. नवा कोणी आलाच तर कोणाचे तरी पत्र घेऊन येई, किंवा त्याचा भाऊबंद कोणाच्या तरी पलटणीत असे. आता लोक नुसते येतात. घर विकत घेतात, राहतात, आणि ते स्वतःविषयी जे सांगतील तेवढेच आपल्याला कळते. इन्स्पेक्टरच्या मनातही तेच येते. ओळख म्हणजे उरले काय, तर रेशनचे पुस्तक आणि ओळखपत्र, आणि ती दोन्ही खोटी करता येतात.

त्या वेळचे इंग्लंड तसेच होते. युद्ध संपून पाच वर्षे झाली तरी रेशन चालू होते. ते १९५४ साली उठले, ओळखपत्रे १९५२ साली. कोळशाची टंचाई, म्हणून तर घर गरम केलेले पाहून पाहुण्यांना नवल वाटते. लोणी, अंडी, भाज्या यांची शेजाऱ्यापाजाऱ्यांत चोरून देवघेव चालते आणि तेवढ्यासाठी घरांची मागली दारे उघडी असतात. मोठ्या घरांतले नोकर गेलेले. कोझी म्हणून ज्याला आपण उबदार समजतो, ते जग आतून असे गारठलेले होते.

हे वाचताना बडोद्याच्या, ग्वाल्हेरच्या, इंदुरच्या जुन्या घरांतील वाचकांना परके वाटणार नाही. नुसते आडनाव सांगितले की कोणाचा वाडा, कोणत्या खात्यात आजोबा, मूळ गाव कोकणातले की देशावरचे, हे सगळे ज्या मंडळींना सांगता येई, त्यांच्या हातून ती यादी त्याच सुमारास निसटू लागली होती. पुस्तक निघाले १९५० च्या जूनमध्ये. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फैयाज खाँसाहेब बडोद्यात गेले. दरबार गेलेला आणि दरबारचा सूर्यही मावळला.

त्या दिवसांतली एक हकीकत आत्या सांगे. गावात एक गवई आले. हाती शिफारशीची चिठ्ठी, आणि एका नामांकित उस्तादांकडे इतकी इतकी वर्षे तालीम घेतली असे सांगणे. कारखान्याच्या काळी, अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे, अशा माणसाला आधी जाणत्यांपुढे गाऊन दाखवावे लागे. आता कोण कोणाला विचारणार? दोन-चार घरी त्यांच्या बैठका झाल्या, शिकवण्याही लागल्या. गाणे गोड होते. उस्तादांच्या हरकती हुबेहूब होत्या. आमच्याही घरी एका संध्याकाळी ते गायले आणि लोक खूश होऊन गेले.

सगळे उठून गेल्यावर आत्या अण्णांना म्हणाली, "दादा, हे त्यांच्यापुढे बसलेले नाहीत. हे तबकडीपुढे बसलेले आहेत."

तिने काय ऐकले होते? त्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांच्या आसपास वाजे. त्या गवयांचा कोणताही राग तीन मिनिटांत पुरा होई आणि मग तोच पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तीच तान, त्याच जागी, त्याच क्रमाने. समोर बसून शिकलेल्या माणसाला उस्ताद रोज निराळे ऐकवतात. आज चुकतात, उद्या टाकून देतात, परवा नवे काही काढतात. तबकडी रोज तेच ऐकवते. भिंतीपलीकडे बसून, पोळ्या लाटता लाटता तिने घड्याळ न पाहता हे मोजले होते.

अण्णांनी काय केले ते मला फार काळ कोडे वाटे. त्यांनी ते कोणालाही सांगितले नाही. त्या गवयांना एकदा घरी बोलावले आणि म्हणाले, "तबकडीवरून एवढे उचलले, म्हणजे कान मोठा आहे तुमचा. सकाळी येत चला." ते पुष्कळ दिवस येत राहिले. पुढे दुसऱ्या गावी निघून गेले. त्यांचे नाव मला माहीत आहे आणि ते माझ्याजवळच राहील. आत्याला मात्र ते कधी पटले नाही. ती म्हणे, "ज्यांच्या मुलांना त्यांनी उस्तादांचे शिष्य म्हणून शिकवले, त्यांना सांगायला नको होते का?" अण्णा म्हणत, पोटासाठी केले. आत्या म्हणे, पोट सगळ्यांनाच असते. वीस वर्षे हा वाद त्यांच्यात चालला आणि मिटला नाही. मला विचाराल तर आज, माझ्या स्वतःच्या शिकवणीला पोरे येऊन बसतात तेव्हा, मी आत्याच्या बाजूचा आहे.

मिस मार्पलही आत्याच्याच बाजूची. तिला गोड आजी समजणारे तिला नीट वाचतच नाहीत. दयाळू ती आहे, पण भिडस्त नाही. १९५७ च्या 'फोर फिफ्टी फ्रॉम पॅडिंग्टन'मध्ये तर फाशीची शिक्षा बंद झाल्याबद्दल ती उघड हळहळते. हे मला मानवत नाही. पण कळलेले सत्य केवळ संकोचामुळे गिळून बसायचे नाही, एवढे तिचे मला पटते. चिपिंग क्लेगहॉर्नमध्ये तिला खुन्याची कीवही येते, हे विशेष. कीव येऊनही ती थांबत नाही, कारण तोपर्यंत आणखी माणसे गेलेली असतात.

पुस्तकात उणे नाही असे नव्हे. घरातली स्वयंपाकीण मिट्झी ही युरोपातून परागंदा होऊन आलेली निर्वासित. तिच्या घरच्यांचे जे झाले त्या वेळच्या युरोपात ते लाखोंचे झाले होते. लेखिका मात्र तिला बव्हंशी हशाचा विषय करते. किंचाळणारी, खोटे बोलणारी, सगळे पोलीस आपल्यालाच छळायला आले आहेत असे समजणारी. गावकरी तिच्यावर पहिला संशय घेतात, ते परकी म्हणून. मिट्झीला शेवटी एक धाडसाचे काम दिले आहे आणि तिचा चॉकलेटचा केक पुस्तकाबाहेरही प्रसिद्ध झाला आहे, तरी तिच्या दुःखाची थट्टा खटकते ती खटकतेच. जुन्या वस्तीच्या लोकांनी हे पान जरा सावकाश वाचावे. आपल्याला कोण कोण ते ठाऊक आहे, या अभिमानाला जोडूनच, जो ठाऊक नाही तो लबाड, ही सवय येते. मिस मार्पलला ती सवय नाही. परक्याइतकाच संशय ती ओळखीच्यांवरही घेते, आणि या कादंबरीत त्याला फार महत्त्व आहे.

चित्रपटांत मिस मार्पल पुष्कळदा आली. १९६१ ते ६४ या काळात मार्गारेट रदरफर्ड हिने तिला धिप्पाड आणि खेळकर करून टाकले. ख्रिस्तीने १९६२ ची एक कादंबरी या नटीला अर्पण केली, पण तिची मार्पल ही पुस्तकातली नव्हे हे उघड आहे. पुस्तकातली पाहायची तर बी.बी.सी.ने १९८४ ते १९९२ या काळात केलेल्या मालिकेतली जोन हिक्सन. १९४६ साली तिला एका नाटकात पाहून ख्रिस्तीने, तू पुढे कधी तरी माझी मिस मार्पल करावीस, अशा अर्थाची चिठ्ठी पाठवली होती. तो योग यायला अडतीस वर्षे लागली आणि तोवर नटीचे वय बरोबर मिस मार्पलचे झाले होते. तिचे पाहणे आणि गप्प बसणे ऐकण्यासारखे आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ते हसतात.

आपल्या देशात ही बाई बंगाली बोलली. ऋतुपर्ण घोष यांचा 'शुभ महरत' हा २००३ सालचा चित्रपट, वर सांगितलेल्या त्याच १९६२ च्या कादंबरीवरून केलेला. त्यात राखी यांनी रांगा पिशीमा केली आहे. पिशी म्हणजे आत्या. सिनेमाच्या झगमगाटात घडलेला खून ती घरात बसून, पत्रकार भाचीच्या तोंडून ऐकून उलगडते. या कामाबद्दल राखी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो साहाय्यक अभिनेत्रीचा.

ज्यांना इंग्रजी कादंबरीच वाचायची आहे त्यांनी सुरुवात १९३० च्या 'व्हिकरेज'पासून करू नये. तीत मिस मार्पल अजून जरा खवचट आहे आणि गोष्ट सांगणारा पाद्री तिला बिचकून असतो. 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' आधी घ्यावी, आणि घरात कोणी ऐकणारे असेल तर मोठ्याने वाचावी. त्या तीन शब्दांपाशी आलात म्हणजे थांबा आणि 'च' लावण्यापूर्वी ऐकणाऱ्याला विचारा.